आईच्या गालावरचे वण

आई गेली त्या आठवड्यात शेजारच्या काकू भेटायला आल्या. काकू म्हणजे आईची अर्ध्या आयुष्याची मैत्रीण. शेजारशेजारच्या गच्च्यांवर कपडे वाळत घालता घालता दोघी अख्ख्या गल्लीची धुणी धूत. काकूंनी माझा हात हातात घेतला, डोळे पुसले, मग भिंतीवर नुकत्याच लावलेल्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सुरेख आहे हो फोटो. कोणाचा?"

"आईचाच आहे काकू," दादा म्हणाला.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "असेल बाबा. तुम्ही घरचे म्हणताय तर असेल."

त्या गेल्यावर वहिनी म्हणाली, "वय झालं त्यांचं. दिसत नाही आता." मला राग आला. काकूंचा नाही, वहिनीचा. काकूंना गच्चीवरून पलीकडच्या गल्लीत कोणाचं दूध उतू गेलं ते दिसतं. त्यांना फोटोही नीट दिसला होता, म्हणून तर त्यांनी विचारलं. फोटोतल्या बाईचे गाल गुळगुळीत होते. आमच्या आईचे नव्हते.

आईला लहानपणी देवी आल्या होत्या. त्या साथीत तिची धाकटी बहीण गेली, ही वाचली, आणि वाचली ती तोंडभर वण घेऊन. कपाळावर विरळ, गालांवर दाट. लहानपणी मी तिच्या कुशीत पडून त्या खळग्यांत करंगळीचं टोक फिरवत बसे. तिला गुदगुल्या व्हायच्या. "पुरे गं, किती नांगरशील?" म्हणायची. मला ते वण कुरूप कधी वाटलेच नाहीत. शाळेत जाईपर्यंत माझी समजूत होती की सगळ्या आया अशाच असतात. मैत्रिणीच्या आईचे सपाट गाल पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला त्या बाईची दया आली होती.

आता नशिबाची थट्टा बघा, अशा बाईचं लग्न झालं ते फोटोग्राफरशी. बाजारपेठेच्या टोकाला बाबांचा स्टुडिओ होता. खाली दुकान आणि डार्करूम, वर आम्ही. आई त्या घरात आली तेव्हा रिटचिंगच्या कामाला एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांची नजर अधू होत चालली होती. त्यांनी आईला हाताशी घेतलं, आणि वर्ष उलटायच्या आत ती त्यांच्या खुर्चीवर बसली. पुढे दोन बाळंतपणं, बाबांचं आजारपण, दुकानाला लागलेली आग, काय काय झालं, पण ती खुर्ची तिने सोडली नाही.

रिटचिंग म्हणजे काय ते हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. चेहऱ्यावरची सुरकुती, खड्डा, मुरुमाचा डाग तिथे पारदर्शक दिसतो. तेवढी जागा पेन्सिलीने भरून काढली की छापलेल्या फोटोत तो डाग गायब. पण पेन्सिल म्हणजे पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी केलेली, आणि रेघ म्हणजे स्वल्पविरामाएवढे फटकारे, एकात एक गुंतवलेले. पेन्सिल धरावी म्हणून फिल्मवर आधी एक चिकट द्रव चोळायचा, मागून उजेड येणाऱ्या काचेवर ती ठेवायची, डोक्यावर काळं कापड ओढून घ्यायचं आणि कामाला लागायचं. आई कापडात शिरली की आम्हांला बाहेरून दिसायची ती नुसती पाठ. ऐकू मात्र सगळं यायचं, कारण हाताबरोबर तिच्या तोंडाचा पट्टाही चालू असे.

"ह्या बाईने जन्मात कोणाचं बरं चिंतलं नाही, कपाळावर जाळं झालंय बिचारीच्या. काढते बापडीचं." "नवरदेवाचं तोंड बघ, आत्ताच ही गत, पुढे कसं व्हायचं?" "देवाने घाईघाईत उरकलंय, मी सावकाश करते." अर्ध्या शहराच्या चेहऱ्यांचं उणंदुणं तिला पाठ होतं, पण आम्हा दोघा पोरांशिवाय ते कोणाच्या कानावर गेलं नाही. बाजारात एखादी ठसक्यात चालणारी बाई समोरून आली की आई नुसता माझा हात दाबायची. मग आम्ही दोघी दुसरीकडे बघत चालायला लागायचो. कामाच्या नादात भाजीत मीठ दोनदा पडे किंवा मुळीच पडत नसे. बाबा निमूट जेवत.

स्टुडिओचा एक नियम होता, मास्तरांच्याही आधीपासून चालत आलेला. हात फिरवल्याशिवाय एकही चेहरा दाराबाहेर जायचा नाही. मग तो तान्ह्या बाळाचा असो, नाहीतर मेलेल्या माणसाचा. हा नियम घरच्यांनाही होता. आमच्या प्रत्येक फोटोत आई सगळ्यात आधी स्वतःला साफ करायची आणि मग आम्हांला. त्यात लपवाछपवी नव्हती, जशी ती स्वयंपाक झाल्यावर ओटा पुसायची तसंच हे.

आणि वणांचं तिला दुःख होतं असंही मला कधी वाटलं नाही. त्याला कारण बाबा. "तुमच्या बाबांना माझे वण दिसलेच नाहीत," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! आधी जी मुलं तिला भेटली ती एकदा तिच्याकडे बघत आणि मग छताकडे. बाबांनी मात्र सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचे डोळे फोटोत फार छान येतील." लग्नानंतरही त्यांनी वणांबद्दल चकार शब्द काढला नाही. ही गोष्ट आई सगळ्यांना सांगायची. आम्हांला, काकूंना, फोटोला आलेल्या घाबरलेल्या मुलींना. माझं नवऱ्याशी वाजलं की मलाही तीच गोष्ट. मी माझ्या नवऱ्याला आयुष्यभर ह्याच मापाने मोजलं आणि तो बिचारा काही त्यात बसला नाही.

मग बाबा गेले. नंतर फिल्मही गेली. दुकानात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढे दादाचा मुलगा बसायला लागला. त्याला घरात सगळे बारक्या म्हणतात, त्याच्याकडे बघून कोणी म्हणणार नाही तरी. आईला वाटलं होतं, आता आपलं काम संपलं. पण आठवडाभरात ती खुर्ची ओढून नातवाच्या शेजारी बसली आणि पडद्यावर बोट टेकवून सांगायला लागली, "हा राहिला. इथे जास्त झालं, बाईची मेणबत्ती करून ठेवलीस. थोडं राहू दे." बारक्या ओरडायचा, "आजी, बोटं उमटतात!" ती म्हणायची, "मग पूस." नव्वदी ओलांडली तरी रोज दुपारी ती जिना उतरून खाली यायची आणि शहरातल्या पासपोर्टच्या फोटोंवर देखरेख करायची.

शेवटचे महिने ती अंथरुणावर होती. मी आयुष्यभर नर्स होते, रिटायर झालेली, त्यामुळे मीच तिच्यापाशी राहायला आले. तिला ऐकू येत नव्हतं, दिसतही फारसं नव्हतं, पण अंगठा आणि बोट सारखं चालायचं. चादरीवर, उशीवर, बारीक बारीक फटकारे. मी भरवायला वाकले की ती बोट उचलून माझ्या दोन भुवयांच्या मधे घासायची आणि म्हणायची, "इथे राहिलंय." तिथे मला उभी आठी आहे, माझ्या स्वभावाची. ते बोट आता नाही, आणि ते मला किती हवंय ते मी कोणाला सांगू शकत नाही.

एका दुपारी ती गेली. मीच तिचं अंग पुसलं, तोंड पुसलं. तेव्हा मी तिच्याकडे नीट बघायला हवं होतं, पण हाताला सवय असते, तो काम उरकतो.

काकूंनी विचारलं त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी भांडी घासताना आईला आठवायला गेले. तिचा आवाज आला. पेन्सिलीने काळं झालेलं बोट आलं. तिच्या अंगाला येणारा टर्पेंटाइनचा वाससुद्धा आला. आणि चेहऱ्याच्या जागी भिंतीवरचा फोटो आला. गुळगुळीत. मी डोळे उघडून परत मिटले. तोच. मी साबणाच्या हातांनी तशीच खाली बसले. त्या दिवसापासून मी रोज प्रयत्न करायचे आणि रोज थोडं कमी दिसायचं. आधी एक गाल तरी यायचा, उजेडात वळलेला. मग तोही येईनासा झाला. आई एकदा गेली होती, आता ती माझ्या डोक्यातूनही चालली होती, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मला तिचा एक खरा फोटो हवा होता. एकच, वण असलेला.

तुम्ही म्हणाल, ह्या जमान्यात फोटोंना काय तोटा? मीही तेच म्हटलं. बारक्याच्या कॉम्प्युटरमध्ये आजीचे ढीगभर फोटो निघाले आणि झाडून सगळे साफ केलेले. "मूळचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"मूळचे कशाला ठेवू आत्या? उगाच जागा खातात. आणि साफ करताना आजी शेजारीच बसलेली असायची."

माझ्या फोनमध्ये तिचे फोटो होते. ते मोठे करून बघितले तर गाल लोण्यासारखे. बारक्या म्हणाला, हल्लीचे फोन आपले आपणच तोंडं साफ करतात. फोनला हा नियम कोणी शिकवला देव जाणे. दुसऱ्यांच्या लग्नांतल्या फोटोंत ती कायम कोणातरी उंच माणसाच्या मागे. राहिलं ओळखपत्र, पण त्यातला फोटो तर कोणाचाच नसतो.

शेवटी बारक्याच दादाला बोलून गेला. "बाबा, भिंतीवरच्या फोटोची निगेटिव्ह आहे ना आपल्याकडे? आजी म्हणायची, टर्पेंटाइनने पेन्सिल निघते. चुकलं की पुसून परत करायची ती."

दादाने त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. पण माझ्या कानावर पडायचं ते पडलं होतं.

भिंतीवरचा तो फोटो बाबांनी स्वतः काढलेला. स्टुडिओला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी आईला मोठ्या कॅमेऱ्यापुढे एकटीला बसवलं होतं. निगेटिव्ह तळहाताएवढी. अख्ख्या आयुष्यात एवढ्या मोठ्या फिल्मवर आलेला आईचा हा एकच चेहरा, बाकी सगळ्या घोळक्यांतले तांदळाच्या दाण्याएवढे. पेन्सिल पुसली की त्या फिल्मवर एकेक वण जसाच्या तसा असणार, हे मलाही कळत होतं.

दादाने पत्र्याच्या कपाटातून पाकीट काढलं, पण माझ्या हातात देईना. त्याने निगेटिव्ह खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. "इकडे ये माऊ," तो म्हणाला. साठी उलटली तरी मी त्याच्यासाठी माऊच आहे. तिरक्या उजेडात चेहऱ्याच्या जागेवर पेन्सिल चमकत होती. हजारो फटकारे, एकाला एक लागून, कुठे दाट, कुठे अगदी विरळ.

"हा आईचा हात आहे," दादा म्हणाला. "तिने कधी कोणाला पत्र लिहिलं नाही, स्वेटर विणला नाही. तिच्या हाताचं एवढंच राहिलंय. हे तू पुसणार?"

"मला तिचं तोंड बघायचंय."

"भिंतीवर आहे की."

"ते तिचं नाही. काकूंना ओळखू आलं नाही, दादा. काही दिवसांनी मलाही येणार नाही."

"तिला जसं राहायचं होतं तसं तिने स्वतःला ठेवलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे ना."

"मला सव्वा लाख नकोत. मला ती मूठ बघायचीय."

आम्ही खूप भांडलो. लहानपणापासूनची सगळी उणीदुणी निघाली. शेवटच्या दिवसांत आईचं कोणी किती केलं, तेही निघालं. ते काढायला नको होतं. वहिनी मधे पडली नाही, तिने भात परत गरम करायला ठेवला. मी म्हटलं, जखम धुतल्याशिवाय दिसत नाही, मी हेच करत आले आहे. दादा म्हणाला, ही जखम नाही. मग मला रडू आलं. मी क्वचित रडते, आणि दादाला ते लहानपणापासून सोसत नाही. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. "तू पूस," तो म्हणाला. "मी हात लावणार नाही."

रविवारी दुकान बंद होतं तेव्हा आम्ही खाली बसलो. बारक्याने आधी ती निगेटिव्ह आहे तशी स्कॅन करून घेतली. दादा म्हणाला, स्कॅन म्हणजे फोटोचा फोटो, त्याने काय होतंय. आईच्या त्याच काचेवर मी फिल्म ठेवली. कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेतलं आणि कपाळापासून सुरुवात केली. कापूस राखाडी होत होता. बोळे बदलत मी गालांपर्यंत आले. माझा हात आजारी माणसाचं अंग पुसताना चालतो तसा चालला होता, आणि त्या वासाने मला इतकं बरं वाटत होतं की मी खुळ्यासारखी हसत होते. मनात म्हणत होते, आई, आता ये.

सगळं पुसून झाल्यावर मी खालचा दिवा लावला. वण म्हणजे पारदर्शक ठिपके दिसायला हवे होते, गालांवर दाट. एकही ठिपका नव्हता. मला वाटलं, पेन्सिल राहिली असेल. परत पुसलं. कापूस पांढराच राहिला. दादाने न राहवून भिंग घेतलं आणि वाकून बघितलं, आणि बराच वेळ वर आला नाही.

"बारक्या, स्कॅन कर," तो म्हणाला.

पडद्यावर फोटो आला. खांदे होते, खुर्ची होती, केस होते. चेहऱ्याच्या जागी मळलेल्या कणकेचा गोळा. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. डोळे म्हणजे दोन विझलेल्या जागा.

"हे काय झालं? माझ्याकडून खराब झालं का?" मी विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "बाबांनी जाळी लावली होती."

मला कळलं नाही, बारक्यालाही नाही. दादाने सांगितलं. बायकांचे पातळ काळे मोजे असतात ना, तसलं कापड तारेच्या कड्यावर ताणून बाबांनी एक चकती केली होती. उतारवयाच्या नट्या फोटोला येत, त्यांच्यासाठी ती भिंगापुढे धरायची. सगळं धूसर होतं, खाचाखळगे विरघळतात. आणि शिवाय दोन्ही दिवे अगदी समोरून. समोरून उजेड मारला की खड्ड्यात सावलीच पडत नाही. "एवढं सगळं बाबा कोणासाठी करत नसत," दादा म्हणाला. "खूप विचार करून केलंय हे."

"म्हणजे बाबांना..."

"दिसत होते ना. अगदी एकेक."

"मग आईने पेन्सिलीने पुसलं काय?"

"काही नाही. पुसायला काही नव्हतंच." दादा खुर्चीवर बसला. "तिने भरलं. नाकावरचा उजेड, गालाचं हाड, हनुवटी, डोळ्यातली चमक. तो चेहरा तिने काढला होता माऊ. अख्खा. आणि आपण तो पुसला."

तो 'तू' म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं.

मी तिथेच बसून राहिले. मला एकच दिसत होतं. फोटो काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी खुर्चीवर बसली असेल, डोक्यावरून कापड ओढून घेतलं असेल. ती जाळी तिला ओळखू आली नसेल असं होणंच शक्य नाही, त्या नट्यांच्या निगेटिव्ह तीच तर करायची. एका नजरेत तिला कळलं असणार की नवऱ्याला तिचं तोंड किती दिसतं, आणि ते बघायला लागू नये म्हणून त्याने किती खटपट केलीय. त्या कणकेच्या गोळ्यावर तिने मग स्वतःच स्वतःला काढलं. किती दिवस लागले असतील कोण जाणे. आम्ही शाळेतून येत होतो, जेवत होतो, तिच्या पाठीमागे खेळत होतो. त्या दिवशी कापडाखाली ती काय बोलली ते आम्ही कोणी ऐकलं नाही. बोलली नसेलच.

आणि त्यानंतरही ती सांगत राहिली, तुमच्या बाबांना माझे वण दिसलेच नाहीत. बाबांच्या देखत सांगायची. ते मान खाली घालून जेवायचे, आणि आम्हांला वाटायचं लाजतायत. मला वाटायचं, हे आमच्या आईचं सगळ्यात मोठं सुख. माझ्या आयुष्यात मी ज्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला अशी ती एक गोष्ट होती.

मला रडताना बघून बारक्या कासावीस झाला. मनाचा चांगला आहे पोरगा. "आत्या, रडू नकोस ना. मी घालून देतो वण. भिंतीवरचाच फोटो घेतो, तू फक्त कुठे ते सांग." दादा नको म्हणाला नाही. त्यालाही बघायचं असावं.

"नाकाच्या शेंड्यावर एक होता," मी म्हटलं.

"शेंड्यावर कुठला? बाजूला. डाव्या," दादा म्हणाला.

"दादा, मी तिचं तोंड पुसलंय."

"आणि मी काय, तिला आयुष्यभर पाठमोरीच बघितली?"

वहिनी चहा घेऊन आली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "नाकावर होते का? मला तर फक्त गालांवरचे आठवतात. हनुवटी साफ होती त्यांची."

"हनुवटीवर होते!" मी ओरडले. पण ओरडता ओरडताच मला कळलं की मला माहीत नाही. मी ज्या गालांवर करंगळी फिरवत मोठी झाले त्या गालांचा नकाशा माझ्यापाशी नव्हता. दादापाशीही नव्हता. आम्ही तिघं तिच्याबरोबर एवढी वर्षं राहिलो आणि तिच्या तोंडावर काय होतं ते तिघांनाही सांगता येईना. मला माहीत होतं त्यातलं बरंचसं मी दादाशी भांडता भांडता तयार केलेलं होतं.

बारक्या काम करत राहिला. त्याने कुठूनतरी खड्डे आणले आणि गालांवर पसरले. मी विचारलं, "कुठून आणलेस?" तो म्हणाला, "संत्र्याच्या सालीचा फोटो आहे. तसंच दिसतं आत्या, फरक कळत नाही." मग तो विचारत गेला, इथे जास्त करू का, इथे कमी? मी हो म्हणत गेले, नाही म्हणत गेले. दादा मधेच उठून वर निघून गेला. दुपार टळली तेव्हा पडद्यावर एक बाई होती. लहानपणी देवी येऊन गेलेली, कोणाची तरी आई असेल अशी. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"जमलं का?" बारक्याने विचारलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"हो रे," मी म्हटलं. "आता पुसून टाक."

त्याला वाईट वाटलं, पण त्याने माझ्यासमोर ते पुसून टाकलं. मी खात्री करून घेतली, छापलेलंही काही नव्हतं. भिंतीवरचा फोटो दादाने तसाच ठेवलाय. त्याच्यासाठी तो आईच्या हातचा आहे, आणि ते खरंच आहे.

पण माझ्या डोळ्यांपुढे आता ती भिंतीवरची येत नाही. आईला आठवायला गेले की संत्र्याच्या सालीचे गाल घेऊन ती दुसरीच बाई येते, आणि येते ती अगदी स्पष्ट, आई कधी आली नव्हती इतकी. मी तिला बाजूला सारून तिच्या मागे बघते. मागे कोणी नसतं.